महाभियोग : हटवण्याचं गणित आणि गप्प राहणाऱ्यांचं मत

आजचा विषय आहे महाभियोग. राष्ट्रपतींना मुदत संपण्याआधी पदावरून दूर करण्याची तरतूद आपल्या संविधानात पहिल्या दिवसापासून आहे. कलम ६१. आणि हे कलम आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही.

मग न वापरलेल्या कलमावर तासभर बोलायचं कशाला? कारण असं की त्याचं एक चुलत कलम वापरलं गेलं आहे, न्यायाधीशांना दूर करण्याचं. त्या वेळी लोकसभेत जे घडलं, त्यावरून ही सगळी यंत्रणा कुठे चालते आणि कुठे अडते हे स्पष्ट दिसतं. दुसरं कारण आपल्या गावाचं आहे. सत्ताधीशाला कसं हटवावं, या प्रश्नाचा इतिहास चाळायला लागलं की रत्नागिरी जिल्ह्याचं नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. चार वेळा तरी येतं. ती चार माणसं आज आपण भेटू.

पहिला माणूस म्हणजे सर दिनकरराव राजवाडे. १८१९ साली आपल्या जिल्ह्यात जन्मले, पुढे ग्वाल्हेरचे दिवाण म्हणून नावाजले. १८७५ साली त्यांना बडोद्याला बोलावणं आलं. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आरोप होता की त्यांनी ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर याला सरबतातून विष देण्याचा प्रयत्न केला. चौकशीसाठी सहा जणांचा आयोग नेमला गेला. तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि आपले दिनकरराव. अध्यक्षस्थानी बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आणले होते. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, सगळं रीतसर.

निकाल काय लागला? तीन विरुद्ध तीन. इंग्रज सदस्य म्हणाले, आरोप सिद्ध झाला. हिंदी सदस्यांनी ते मान्य केलं नाही. आता कुठल्याही न्यायाच्या रीतीने असा आरोपी सुटायला हवा. पण व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या सरकारने काय केलं बघा. विषाचा आरोप बाजूला ठेवला, राज्यकारभार वाईट आहे असं कारण दिलं, आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला धाडलं. त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेतलं गेलं, तेच पुढचे सयाजीराव महाराज. म्हणजे बडोद्याचं पुढे कल्याण झालं, यात वाद नाही. पण प्रक्रियेकडे बघा. खटला एका आरोपावर चालला आणि शिक्षा दुसऱ्याच कारणाने झाली. आरोप करणारं सरकार तेच, आयोग नेमणारं तेच, आणि आयोगात बरोबरी झाल्यावर शेवटचा शब्दही त्याचाच.

दुसरा माणूस रत्नागिरीत जन्मला नाही, त्याला इथे आणून ठेवला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला उचललं आणि १८८६ मध्ये आपल्या गावात आणून बसवलं. इथे मल्हाररावांइतकंही नाही. आयोग नाही, वकील नाही, साक्षीदार नाही. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, आपण आजही त्याला थिबा पॅलेस म्हणतो. १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. त्याची समाधी इथेच आहे. पर्यटक तिथे फोटो काढतात. पण हटवण्याची यंत्रणा नसेल तर हटवणं कसं होतं, याचा तो दगडी पुरावा आहे असंही त्या वास्तूकडे पाहता येतं.

या दोन गोष्टी मनात ठेवा. कारण महाभियोगाच्या कलमातल्या अटी वाचताना माणूस म्हणतो, केवढी ही किचकट पद्धत! त्या प्रत्येक अटीमागे असा कुठला तरी बडोद्याचा आयोग किंवा मंडालेचा किल्ला उभा असतो.

आता ही पद्धत आली कुठून ते थोडक्यात. महाभियोग ही मुळात इंग्लंडच्या पार्लमेंटची रीत. खालच्या सभागृहाने आरोप ठेवायचा, वरच्या सभागृहाने न्यायाधीश होऊन निवाडा करायचा. त्यातला आपल्याशी संबंध असलेला खटला म्हणजे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जचा. एडमंड बर्कने जी आरोपांची यादी मांडली तिच्यात मराठ्यांशी केलेलं युद्ध आणि तह हाही एक विषय होता. फेब्रुवारी १७८८ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. सात वर्षं! लोकांचा उत्साह केव्हाच संपला होता. इंग्लंडमध्ये या रीतीचा शेवटचा खटला १८०६ सालचा. त्यानंतर मंत्रिमंडळच सभागृहाला जबाबदार झालं, अविश्वासाच्या ठरावाने काम भागू लागलं आणि महाभियोग तिथे अडगळीत गेला.

पण अमेरिकेने तो उचलला, कारण तिथे राष्ट्राध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडला जातो आणि अविश्वासाने पडत नाही. तिथे प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं आणि सिनेट खटला चालवते. दोषी ठरवायला सिनेटमधल्या हजर सदस्यांची दोनतृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्या विरोधात ३५ मतं पडली, बाजूने १९. हवी होती ३६. एका मताने ते वाचले. 'हजर सदस्यांची' हा शब्द लक्षात ठेवा, आपल्याला तो पुढे लागणार आहे.

आता तिसरा माणूस. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीच्या मसुद्यात हे कलम पन्नासाव्या क्रमांकावर होतं. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर चर्चा झाली. अंतिम संविधानात ते ६१ वं झालं.

कलम ६१ चं कामकाज पायरी पायरीने पाहू.

पहिली पायरी, कारण. कारण एकच आहे: संविधानाचा भंग. राज्यकारभार बरा नाही, राष्ट्रपती आवडत नाहीत, पंतप्रधानांशी पटत नाही, यातलं काही चालत नाही. मल्हाररावांना ज्या ढोबळ कारणाने काढलं, ते कारण इथे बसणारच नाही.

दुसरी पायरी, सूचना. लोकसभा किंवा राज्यसभा, कुठल्याही सभागृहात सुरुवात होऊ शकते. पण त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या हव्यात. आजच्या ५४३ च्या लोकसभेत १३६ सह्या, २४५ च्या राज्यसभेत ६२. आणि किमान चौदा दिवसांची लेखी पूर्वसूचना. म्हणजे रात्रीतून उठून ठराव आणता येत नाही.

तिसरी पायरी, आरोप ठेवणे. ते सभागृह आपल्या एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमताने ठराव मंजूर करतं. लोकसभेत ३६२ मतं, राज्यसभेत १६४.

चौथी पायरी, चौकशी. ती दुसरं सभागृह करतं, स्वतः करतं किंवा करवून घेतं. राष्ट्रपतींना तिथे हजर राहण्याचा आणि वकील देण्याचा हक्क आहे. आरोप करणारा आणि तपासणारा वेगळा, हे तत्त्व इथे आलं. बडोद्यात नेमकं हेच नव्हतं.

पाचवी पायरी, निर्णय. आरोप सिद्ध झाला असा ठराव दुसऱ्या सभागृहानेही एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमताने केला, की त्याच दिवसापासून राष्ट्रपती पदावरून दूर होतात. तुरुंग नाही, दंड नाही, हद्दपारी नाही. फक्त पद जातं. उपराष्ट्रपती काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते.

इथे एक गंमत आहे. राष्ट्रपती निवडताना आपल्या रत्नागिरीच्या आमदाराचं मत असतं, कारण सर्व राज्यांतले निवडून आलेले आमदार त्या निवडणुकीत मतदार आहेत. पण राष्ट्रपतींना दूर करताना आमदाराला काही विचारत नाहीत. उलट राज्यसभेच्या नामनियुक्त १२ सदस्यांना निवडताना मत नसतं, दूर करताना असतं.

आणि आता त्या एका शब्दाकडे या. अमेरिकेत 'हजर सदस्यांच्या' दोनतृतीयांश. आपल्याकडे 'एकूण सदस्यसंख्येच्या' दोनतृतीयांश. फरक किती पडतो? समजा लोकसभेत मतदानाच्या दिवशी ४०० सदस्य आले. अमेरिकेच्या हिशेबाने २६७ मतं पुरेशी होतील. आपल्या हिशेबाने ३६२ च लागतील. म्हणजे जे १४३ जण आलेच नाहीत, ते घरी बसून, विमानतळावर चहा पिऊन, राष्ट्रपतींच्या बाजूने मत देऊन गेले. विरोधात हात वर करायचीही गरज नाही. आपल्या पद्धतीत गैरहजेरी म्हणजे 'नको' असं मत आहे.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. यासाठी चौथ्या माणसाकडे जाऊ.

मधु दंडवते. १९७१ पासून १९९१ पर्यंत सलग वीस वर्षं राजापूरचे खासदार. कोकण रेल्वेसाठी आपण त्यांची आठवण काढतो. ती काढावीच. पण १९९१ च्या सुरुवातीला लोकसभेच्या १०८ सदस्यांनी अध्यक्ष रवी राय यांच्याकडे एक सूचना दिली, त्या सह्यांमध्ये दंडवते होते. सूचना होती सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याची. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना त्यांनी चंदीगडच्या आपल्या सरकारी निवासस्थानावर सार्वजनिक पैशाची उधळपट्टी केली, हा आरोपांचा गाभा होता.

न्यायाधीशांसाठी संविधान महाभियोग हा शब्द वापरत नाही. तो मान फक्त राष्ट्रपतींचा. न्यायाधीशांच्या बाबतीत कलम १२४ 'पदावरून दूर करणे' असं म्हणतं. वर्तमानपत्रं मात्र दोन्हीला महाभियोगच म्हणतात, आणि आता आपणही म्हणतो. न्यायाधीशांसाठी १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे. लोकसभेत १०० किंवा राज्यसभेत ५० सह्या हव्यात. अध्यक्षांनी सूचना स्वीकारली की तीन जणांची समिती चौकशी करते.

रवी राय यांनी १२ मार्च १९९१ रोजी सूचना स्वीकारली आणि समिती नेमली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी. दुसऱ्याच दिवशी, १३ मार्चला, लोकसभा विसर्जित झाली! पुढच्या निवडणुकीत दंडवते राजापूरला हरले. सही करणारे घरी गेले, सभागृह गेलं, मग सूचना उरते का? प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर १९९१ मध्ये घटनापीठाने सांगितलं की सूचना जिवंत आहे, लोकसभा विसर्जित झाल्याने ती मरत नाही. म्हणजे राजापूरच्या खासदाराची खासदारकी संपली, पण त्यांची सही काम करत राहिली.

समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष दिला. मे १९९३ मध्ये विषय लोकसभेत आला. अध्यक्षांच्या खुर्चीवर लातूरचे शिवराज पाटील. ठराव मांडला सोमनाथ चटर्जी यांनी. न्यायमूर्तींची बाजू मांडायला वकील कपिल सिब्बल सभागृहात उभे राहिले आणि काही तास बोलले. लोकसभेत त्या दिवशी खरोखर न्यायालय भरलं होतं. आरोपपत्र होतं, चौकशीचा अहवाल होता, वकील होता, आणि न्यायाधीशाच्या जागी खासदार.

११ मे १९९३ रोजी मतदान झालं. ठरावाच्या बाजूने १९६. विरोधात शून्य. तटस्थ २०५.

पुन्हा सांगतो. विरोधात शून्य. त्या दिवशी भारताच्या लोकसभेत एकाही सदस्याने 'हे न्यायमूर्ती निर्दोष आहेत' असं मत नोंदवलं नाही. आणि तरीही ठराव पडला.

का पडला? न्यायाधीशांच्या बाबतीत अट दुहेरी आहे. एक, हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोनतृतीयांश. दोन, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. पहिली अट तर शंभर टक्के पुरी झाली, कारण तटस्थ राहणारा मतदान करणाऱ्यांत मोजत नाहीत. १९६ पैकी १९६. अडलं दुसऱ्या अटीवर. तेव्हाच्या ५४५ च्या सभागृहात २७३ मतं हवी होती. तटस्थ राहिलेले प्रामुख्याने सत्ताधारी काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष होते. त्यांना न्यायमूर्तींची वकिली करावी लागली नाही, विरोधात मत द्यावं लागलं नाही. खुर्चीत बसून राहणं पुरेसं होतं.

माझ्या मते महाभियोगाच्या साऱ्या इतिहासात याहून बोलका आकडा सापडणं कठीण. आणि लक्षात घ्या, ही अट कलम ६१ पेक्षा सौम्य होती. राष्ट्रपतींच्या बाबतीत लोकसभेत २७३ नाही, ३६२ लागतील, आणि दोन्ही सभागृहांत एकूण संख्येच्या दोनतृतीयांश.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. दक्षिण कोरियात आपल्यासारखंच एकूण संख्येच्या दोनतृतीयांशाचं गणित आहे. ३०० पैकी २०० मतं. ७ डिसेंबर २०२४ रोजी तिथे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांच्यावर ठराव आला. सत्ताधारी पक्षाचे बहुतेक सदस्य सभागृहातून बाहेर पडले. मतदानात भाग घेणारे भरले १९५. मतपेटी उघडलीच नाही. आठवडाभरात रस्त्यांवर गर्दी वाढली, सत्ताधारी पक्षाने पुढच्या मतदानाला यायचं ठरवलं, आणि १४ डिसेंबरला २०४ मतांनी ठराव मंजूर झाला. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पहिल्या आणि दुसऱ्या शनिवारच्या मधे कायदा बदलला नाही. पण बाहेर जाणं अवघड झालं.

आता कुणी म्हणेल, मग ही अट काढून टाका, अमेरिकेसारखं हजर सदस्यांवर मोजा. मी तसं म्हणणार नाही. बडोदा आठवा. ज्याला हटवायचं ठरलंच आहे, तो आकडे आणि कारणं दोन्ही शोधून काढतो. अट सैल केली तर ज्या दिवशी विरोधक सभागृहाबाहेर घोषणा देत असतील, नेमक्या त्या दिवशी ठराव आणता येईल. तेव्हा उंबरठा उंच हवा हे खरंच आहे. राष्ट्रपती हे एका पक्षाच्या बहुमताने काढता येण्यासारखं पद नाही, आणि तसं ते असूही नये.

पण उंच उंबरठ्याची किंमत काय, तेही पाहिलं पाहिजे. तो निर्दोष माणसाला वाचवतो, आणि भूमिका घ्यायची नसलेल्या खासदारालाही वाचवतो. १९८५ पासून त्यात पक्षांतरबंदीची भर पडली आहे. दहाव्या परिशिष्टात महाभियोगाच्या मतदानाला सूट नाही. पक्षाने आदेश काढला तर न्यायाधीशाच्या भूमिकेत बसलेल्या खासदारालाही तो मोडताना आपल्या सदस्यत्वाचा विचार करावा लागतो. पुरावा काय सांगतो यापेक्षा पक्षाची बैठक काय सांगते याला वजन येतं. मसुदा समितीच्या काळात हा कायदा नव्हता.

यंत्रणा कधीच चालत नाही असंही समजू नका. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्या बाबतीत १८ ऑगस्ट २०११ रोजी राज्यसभेने १८९ मतांनी ठराव मंजूर केला. लोकसभेत विषय येण्याआधीच सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला. एका सभागृहाने स्पष्ट मत दिलं आणि काम झालं. अमेरिकेत १९७४ मध्ये निक्सन यांचंही असंच झालं, मतं मोजण्याआधीच ते गेले. बऱ्याचदा महाभियोग असाच यशस्वी होतो, पूर्ण न होता.

तेव्हा पुढे कधी महाभियोगाची बातमी वाचलीत, राष्ट्रपतींची, न्यायाधीशांची, कुठल्याही देशाची, तर 'ठराव फेटाळला' एवढ्यावर थांबू नका. तीन आकडे शोधा. सभागृहाची एकूण संख्या किती, बाजूने किती, आणि विरोधात किती. या तिघांची वजाबाकी केली की जे उरतात, ती खरी बातमी असते. तटस्थ राहिलेल्यांची नावं लोकसभेच्या छापील कामकाजात मतविभागणीखाली असतात. जे आलेच नाहीत त्यांची नावं तिथे नसतात, ती आपल्याला वजाबाकीनेच काढावी लागतात.

दीडशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या दिनकररावांना बडोद्यात सहा जणांत बसून मत द्यावं लागलं. समोर ब्रिटिश सरकार होतं आणि सरकारला काय हवंय हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मताने निकाल बदलला नाही. पण ते आणि त्यांचे दोन सोबती कोणत्या बाजूला होते हे आज आपल्याला नावानिशी सांगता येतं, कारण ते गप्प बसले नाहीत.